वंशावळीतून बायका काढून टाका, म्हणालात, त्याबद्दल खुलं पत्र

राज्यातल्या तहसील, भूमी अभिलेख आणि पुराभिलेख ऑफिसांत जुनी दप्तरं सांभाळणारे सगळे अधिकारी, रेकॉर्ड कीपर आणि त्यांचे वरिष्ठ यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खुलं लिहितेय कारण बंद पाकिटातली पत्रं देऊन झाली, अर्ज देऊन झाला, त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. आणि मला वाटतं हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरातला नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरातला आहे म्हणून सगळ्यांनी वाचावं.

झालं असं की पुतणीच्या जातपडताळणीचं काम होतं, भाऊ बाहेरगावी, म्हणून वंशावळ घेऊन मीच तालुक्याला गेले. मी ती रात्री जागून फुलस्केपवर काढली होती, प्रत्येक पुरुषाशेजारी त्याची बायको, खाली मुलगे आणि मुलीसुद्धा, मुली कुठल्या गावाला दिल्या ते. टेबलावरच्या क्लार्कनी कागद बघितला आणि म्हणाले, मॅडम, बायका काढून टाका, नुसती पुरुषांची लाइन ठेवा, नाहीतर वरून परत येईल. वाईट बोलले नाहीत ते. समजावून सांगितलं, स्वतःच्या पेन्सिलीने कुठलं कुठलं काढायचं त्याच्यावर रेघ मारून दिली. चौदा बायकांवर रेघ. त्यातल्या तेरा जणींना नाव होतं. सगळ्यात वरच्या बाईला नावच नव्हतं, तिच्या जागी मी "थोरली आई" लिहिलेलं, तिच्यावरही रेघ.

मी तो कागद घेऊन बाहेर आले, एसटी स्टँडवर बसले आणि मला रडू आलं. पन्नाशीची बाई मी, ऑफिसात कोणी काही बोललं म्हणून रडणारी नाही. पण त्या बाईचं नाव शोधण्यात माझी सहा वर्षं गेलीत.

थोरली आई म्हणजे माझ्या पणजोबांची आई, माझी खापरपणजी. आम्ही माणदेशातले. गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही कारण मला कुणा एका ऑफिसाला वेठीला धरायचं नाही. तिच्याबद्दल जे काही कळलं ते आजीकडून, आणि आजीला तिच्या सासूकडून, कारण पणजी थोरल्या आईच्या हाताखाली नांदली होती. आजी सांगायची की थोरल्या आईच्या टाळूवर मधोमध केस नव्हते, लहानपणी तलावावर मातीच्या पाट्या वाहून गेले ते पुन्हा आलेच नाहीत. तलाव म्हणजे म्हसवडजवळचा राजेवाडीचा. १८७६ ते ७८ चा जो मोठा दुष्काळ पडला त्यात पोट भरायला सरकारने अशी कामं काढली होती, दौंड-मनमाडच्या रेल्वेची मातीही त्याच दुष्काळातल्या लोकांनी उचलली. बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी आणि पोराला त्याहून कमी. १८७७ मध्ये ती मजुरी आणखी कापली तेव्हा हजारो माणसं काम सोडून चालती झाली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने ते सगळं तेव्हा लिहून सरकारकडे पाठवलं. म्हणजे बघा, माती किती निघाली, पैसा किती गेला, मजूर किती होते याचे आकडे आजही छापील मिळतात. पाटी कोणाच्या डोक्यावर होती ते मात्र फक्त आमच्या आजीला माहीत.

तर एवढ्यावरून मी शोधायला लागले. सरकारी कागदाने मला किती दिलं आणि बाकीच्यांनी किती दिलं हे तुम्ही नीट ऐकून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितेय.

माहेर सापडलं ते ओवीतून. आजी जात्यावर म्हणायची त्यातली एक ओवी तिला सासूने शिकवलेली आणि सासूला थोरल्या आईने, त्यात एका गावाचं नाव, बारवेखालचं वावर आणि एका भावाचा उल्लेख. आजी गेली तेव्हा ती ओवी माझ्या वहीत होती म्हणून वाचली. मी त्या गावाला गेले, बारव आहे, पायऱ्या ढासळल्यात पण आहे, खाली वावर आहे आणि ते वावर ज्यांचं त्यांच्याकडे विचारलं तर तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं की हो, आमच्यातली एक लेक तिकडे दिली होती आणि तिचा पुढे पाट लागला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखभर ओव्या गोळा केल्या, कोणी म्हटली, कुठल्या गावात म्हटली हे सगळं टिपून ठेवलं. ते वाचलं तेव्हापासून मला पटलंय की बायकांची नोंद ठेवता येत नाही हे खरं नाही, ठेवायची म्हटली की ठेवता येते.

दुसरा दुवा हेळव्याचा, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी चोपडीत सांभाळणाऱ्याचा. आमच्याकडे हेळवी येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटरसायकलवर येतात, चोपडी तीच. त्याने पुरुषांची नावं घडाघडा म्हटली. मी म्हटलं दादा, बायकांचं सांगा की. तो थांबला, म्हणाला आजपर्यंत हे कोणी विचारलं नाही, मग पानं उलटून त्याने सुना कुठल्या गावाहून आणल्या ते वाचलं. आमच्या खापरपणजोबांपुढे त्याच माहेरच्या गावाचं नाव निघालं आणि पुढे "पाटाची". नाव नाही, पण गाव जुळलं. मी त्याला शेंगांची पाटी आणि दोन पायली ज्वारी दिली आणि खरं सांगते, आणखी काय द्यावं सुचेना मला.

पाटाची म्हणजे पहिला नवरा गेला आणि तिने दुसरं घर केलं. आमच्याकडे कुणब्या-माळ्यांत तेव्हा ते रीतसर चालायचं, लाजायचं त्यात काही नाही, आमच्या घरात मात्र ते कोणी बोलत नव्हतं. त्याची किंमत काय होती ते मला पुढे कळलं. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यात कलमच आहे की बाईने दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जातो, ती मेली असं धरून पुढच्या वारसांना जातो. पहिल्या घरी तिची एक मुलगी राहिली होती म्हणतात, दिरांनी ठेवून घेतली. म्हणजे आमच्या पणजोबांना एक बहीण होती आणि चार पिढ्या आम्हाला पत्ता नाही. ती कुठे दिली, तिचं पुढे काय झालं, तिची नातवंडं कदाचित याच तालुक्यात असतील, बाजारात मला भेटतही असतील.

आता तुमच्या दप्तराकडे येते.

पहिला कागद मिळाला फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर चढली त्याची नोंद. दुसरा नवराही लवकर गेला तेव्हा पणजोबा लहान होते, जमीन त्यांच्या नावावर चढली आणि पुढे लिहिलंय "अ.पा.क. आई". अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या पोराचं, पालन करणारी आई, झालं. वीस वर्षं ती जमीन तिने कसली, सारा भरला, सावकाराशी भांडली आणि सरकारी कागदात ती नुसती आई आहे. शेजारच्या फेरफारात एक चुलता पालक आहे, त्याचं मात्र नाव बापाच्या नावासकट आहे.

दुसरा कागद गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मयताची वही, आपण जिला कोतवाल बुक म्हणतो. आजी सांगायची थोरली आई मानमोडीत गेली, म्हणजे १९१८ ची साथ, म्हणून मी त्या सालच्या मयत नोंदी मागितल्या. जुन्या दप्तराची मोडी लिपी यावी म्हणून त्याआधी दोन महिने मोडीचा वर्ग केला, रविवारी दोन तास बस करून जायचे. मोडी म्हणजे आधी डोक्यावरची रेघ ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत सुटायचं, शब्द कुठे संपला ते कळत नाही, र्‍हस्व दीर्घ नाही. वर्गात आम्ही बाविसजण होतो आणि त्यातले बरेचसे आपल्या खापरपणजोबांच्या जातीची नोंद शोधायला आलेले, कारण २०२३ पासून कुणबी नोंदींची जी शोधमोहीम सुरू झाली त्यात घराघरात ही दप्तरं एकदम महत्त्वाची झाली. त्या मोहिमेच्या राजकारणात मला शिरायचं नाही. पण तुमच्या लोकांनी रात्रंदिवस बसून लाखो पानं उलटली, हे काम मोठं आहे आणि ते मी मनापासून मानते.

मला जे स्कॅन मिळालं त्यात ऐन साथीची पानं होती. पहिल्या पानांवर अक्षर नीट आहे, पुढे पुढे ओळी एकमेकींवर चढल्यात, शाई पातळ झालीय, मयताचं कारण म्हणून खाली खाली नुसतं वरच्यासारखं अशी खूण. लिहिणाऱ्याच्या घरातही कोणी गेलं असेल. आणि तिसऱ्या पानावर मला ती सापडली. आमच्या खापरपणजोबांचं नाव, आमचं आडनाव, वाडीचं नाव, वय पन्नास, ताप. आणि त्या सगळ्याच्या आधी "ई कोम". कोम म्हणजे अमक्याची बायको. त्याच्याआधी तिचं नाव असणार, आणि नावाचं फक्त शेवटचं अक्षर दिसतंय, ई. बाकीचं नाव वहीच्या शिवणीच्या बाजूला गेलंय आणि स्कॅन करणाऱ्याने वही पूर्ण उघडलीच नाही, त्याला जातीचा रकाना हवा होता तो स्पष्ट आलाय, सुंदर आलाय.

रखमाई, जनाई, मुक्ताई, साळाई, नाहीतर पुढे बाई लावलेलं कुठलंही नाव. मी घरात सगळ्यांना म्हणून दाखवते, कोणाच्या तोंडात बसतं का बघते.

मूळ वही बघू द्या म्हटलं तर उत्तर आलं स्कॅन झालंय, आता मूळ बघायची गरज नाही. परत गेले तर वही जीर्ण आहे, हाताळता येणार नाही. परत गेले तर गठ्ठे दुसऱ्या खोलीत हलवलेत, गोण्यांत भरलेत, कुठल्या गोणीत ते सांगता येणार नाही. त्या खोलीच्या खिडकीला काच नाही, मी बाहेरून बघितलंय, आणि पावसाळा जवळ आलाय.

माझ्या तक्रारी सांगते, सगळ्या सारख्या मोठ्या नाहीत.

सगळ्यात मोठी ही की शोधमोहिमेत नोंदींची जी यादी तयार झाली, म्हणजे आमच्या ऑफिसात मला जी दाखवली तिच्यात, बायकांच्या ओळी घेतलेल्याच नाहीत. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि पुढे मुलगा की मुलगी एवढंच, आई नाही, हे जुन्या लिहिणाऱ्याने केलं, त्याला शंभर वर्षं झाली, त्याचं आपण काही करू शकत नाही. पण मयताच्या नोंदीत त्याने बाईचं नाव लिहिलंय आणि आज आपण ते यादीत घेत नाही. त्याने लिहिलं, आपण खोडलं.

मग वंशावळीचा फॉर्म. जात बापाकडून येते म्हणून पडताळणीला बापाची लाइन लागते हे मला कळतं, कायदा आहे. पण जादा माहिती असली म्हणून कागद परत का यावा. सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा नियम केला, फार चांगलं केलं. त्याआधी १९९२ मध्ये सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची लक्ष्मी मुक्ती योजना आणली. म्हणजे सरकारला आई हवी आहे. मग त्याच सरकारच्या टेबलावर आजी, पणजी, खापरपणजीवर पेन्सिल का फिरते? नुसत्या पुरुषांच्या वंशावळीचं पुढे काय होतं तेही मी बघितलंय, बहिणी वंशावळीत नाहीत म्हणून वारसात विसरल्या जातात आणि आठवल्याच तर हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायला आठवतात.

संस्थानांचं दप्तर हा वेगळाच गोंधळ. आमच्या भागात एक गाव औंध संस्थानात, शेजारचं इंग्रजांच्या हद्दीत, पलीकडचं जत नाहीतर फलटणचं. थोरल्या आईचं माहेर औंधच्या मुलखात आणि दोन्ही सासरं इंग्रज हद्दीत. बाई लग्न करून दोन कोस चालत गेली आणि कागदाच्या हिशोबाने परमुलखात गेली. १९४८ ला संस्थानं विलीन झाली, त्यांचं गाववार दप्तर कुठल्या ऑफिसात आहे हे मी चार ठिकाणी विचारलं आणि प्रत्येकाने दुसरीकडे बोट दाखवलं. पुरुषाला याचा त्रास होत नाही, तो जन्मला त्याच गावात मरतो, त्याचे सगळे कागद एका गठ्ठ्यात. बाईचे कागद नेहमी दोन-तीन गावांत असतात, आणि गावं जोडणारी यादी नसेल तर बाई हरवतेच.

छोटी तक्रार, बसायला जागा नाही. उभ्याने, दाराच्या उजेडात, भिंतीला वही टेकवून मी फेरफार उतरवून घेतला. आणि शोध फी भरली त्याची पावती मागितल्यावर कपाळाला आठ्या.

एक गोष्ट मला फार लागली ती सांगते. मॉरिशसच्या एका मराठी बाईंशी माझं बोलणं झालं. त्यांची पूर्वज बाई गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर, मुंबईहून जहाजाने गेली, उसाच्या मळ्यात राबायला. तिकडे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ही सगळी रजिस्टरं जपून ठेवलीत, नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, आणि नंतर नंतर आलेल्यांचे तर फोटो. त्या बाईंना त्यांच्या खापरपणजीचं नाव माहीत आहे, तिच्या हनुवटीवर गोंदण होतं हेसुद्धा माहीत आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी मायेने नाही लिहिलं, मजूर पळून जाऊ नये म्हणून लिहिलं. तरी ते टिकवलं आणि आज वारसांना उघडून दिलं. जी बाई समुद्र ओलांडून गेली ती सापडते आणि जी माझ्या गावात राहिली, जिने माझं वावर राखलं, तिचं अर्धं नाव वहीच्या शिवणीत अडकलंय.

आपल्याकडे दुसरा मार्गच नाही हेही लक्षात घ्या. १८७२ आणि १८८१ च्या खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे, आकडे मिळतात, घरोघरच्या माणसांची नावं मिळत नाहीत. शाळेच्या दाखल्यात ती नाही कारण ती शाळेतच गेली नाही. खरेदीखतात नाही कारण तिच्या नावावर काही नव्हतं. गावातल्या साध्या बाईचं नाव सरकारी कागदात आयुष्यात एकदा आलं असेल तर ते कोतवाल बुकात, ती मेली त्या दिवशी. म्हणून ती वही माझ्यासाठी एवढी मोठी आहे.

मला काय हवंय ते साधं आहे.

कोतवाल बुकांची जी स्कॅनिंग झाली त्यात जिथे पानाची कड किंवा शिवण कापली गेलीय ती पानं पुन्हा घ्या, वही पूर्ण उघडून, सगळे रकाने आणि शेरे येतील अशी. यादीत "कोम" च्या ओळी घ्या, बाईच्या नावानेही शोधता येईल असं करा, जिथे नाव नाही तिथे "नाव नाही" असंच लिहा पण ओळ गाळू नका. स्कॅन झालं म्हणून मूळ वह्या गोणीत टाकू नका, त्यांना कपाट द्या, खिडकीला काच लावा, हा खर्च फार नाही. संस्थानी गावांची यादी करा, कुठल्या गावाचं दप्तर आज कुठल्या ऑफिसात आहे, आणि ती भिंतीवर लावा, वेबसाइटवर टाका. वंशावळीच्या नमुन्यात बायको आणि मुलगी यांच्यासाठी रकाना ठेवा, पडताळणीला लागत नसेल तर लागत नाही असं त्याच्यावर छापा, पण नावं असली म्हणून कागद परत पाठवू नका. आणि एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा.

मोडी वाचायला माणसं कमी पडतात हे तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्या वर्गातले बाविसजण आहेत, त्यातले निम्मे तरी रविवारी येऊन फुकट वाचून देतील, मी स्वतः येईन, तुमच्या माणसासमोर बसून, वहीला हात न लावता. हे मी अर्जातही लिहिलं होतं.

पुतणीचं काम झालं. दुसरा कागद केला, नुसत्या पुरुषांचा, कारण मुलीची अ‍ॅडमिशन अडायला नको. पहिला कागद, पेन्सिलीच्या रेघांसकट, माझ्याकडे आहे. रेघा मी खोडरबराने पुसल्या, थोड्या दिसतात अजून. पुतणीने तो फ्रेम करू म्हटलं, मी म्हटलं थांब, वरची एक जागा भरायची राहिलीय.

वहीचं साल, पान आणि ओळ अर्जात दिलेली आहे. ती वही पावसाळ्याआधी गोणीतून काढा, तेवढं एक पान पूर्ण उघडा आणि डाव्या बाजूचा फोटो काढून द्या. मी येते, कधी येऊ तेवढं कळवा.

आपली,
थोरल्या आईची खापरपणती